इंदूरचा लेसर आणि नागपूरचा शेक

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाचं सरकार भोपाळला बसतं, पण त्याचं आजारपण नागपूरला जातं. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी बोलणारा पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. तरी कॅन्सरचं निदान झालेला माणूस रिपोर्टांची पिशवी घेऊन चढतो तो नागपूरच्याच गाडीत.

हे आधी सांगायचं कारण, पुढच्या वादातली दोन माणसं या दोन दिशांना तोंड करून बसलेली आहेत. मामाजी सौंसरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता संत्र्याची बाग पाहतात आणि हाती लागेल ते विज्ञान वाचतात. त्यांचा डोळा इंदूरवर. तिथल्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात प्रचंड ताकदीच्या लेसरने पातळ पत्र्यांतून प्रोटॉन उडवण्याचे प्रयोग होतात, म्हणजे आपल्याच राज्यात होतात, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. त्यांची भाची नागपूरच्या एका कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. पेशंट ज्याला शेक म्हणतात त्या किरणोपचाराचा डोस आखणं आणि मोजणं हे तिचं रोजचं काम. पोळ्याला ती पांढुर्ण्याला मामाजींकडे आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जाम नदीकडून गोटमारीचा गलका येत होता आणि घरात हा वाद चालला होता. मी शेजारी. ऐकलं ते थोडी काटछाट करून मांडतो आहे.

मामाजी : 2000 साली अमेरिकेत लिव्हरमोरच्या पेटावॉट लेसरनं पातळ पत्र्यातून 58 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेचे प्रोटॉन काढले, तेव्हापासून मी हा विषय वाचून राहिलो. मग किती वर्षं गाडी तिथंच अडली! 2018 मध्ये इंग्लंडच्या व्हल्कन लेसरवर नव्वदीच्या वर गेली. अन् 2024 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनवाल्यांनी 150 गाठले. लिव्हरमोरला शेकडो ज्यूल लागले होते, यांना 22 पुरले. आता तूच सांग, 150 एमईव्हीचा प्रोटॉन शरीरात किती आत जातो?

भाची : पंधरा-सोळा सेंटीमीटर.

मामाजी : हाव! म्हणजे पोटातल्या, छातीतल्या कितीतरी गाठी टप्प्यात आल्या. मग तुम्ही दवाखानेवाले तोंड वाकडं काहून करता?

भाची : कारण 150 हा सगळ्यात जोरात पळालेल्या मोजक्या प्रोटॉनांचा आकडा आहे, मामाजी. बातमीत तोच येतो. बाकीचे किती होते आणि कुठल्या वेगाचे होते, ते मथळ्यात कुणी देत नाही.

इथे मी मध्ये पडलो. लेसर म्हणजे प्रकाश. प्रकाशाने प्रोटॉन पळतो कसा, हेच मला कळलेलं नव्हतं. मामाजींना तेवढंच निमित्त हवं होतं. त्यांनी पाठ सरळ केली, जशी ते वर्गात करत असणार.

मामाजी : इंदूरचा 150 टेरावॉटचा लेसर घ्या. देशातली सगळी वीजकेंद्रं मिळून क्षमता अर्ध्या टेरावॉटच्या आसपास आहे, म्हणजे हा लेसर तिच्या तीनशे पट. पण किती वेळ? 25 फेम्टोसेकंद. एवढ्यात प्रकाशसुद्धा साडेसात मायक्रॉनच सरकतो, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणून एका झोतात ऊर्जा भरते ती चारेक ज्यूल. नऊ वॉटचा एलईडी दिवा अर्ध्या सेकंदात तेवढी खातो.

भाची : ताकद अचाट, ऊर्जा किरकोळ.

मामाजी : किमया तीच तर आहे! आधी असा झोत वाढवायला गेलं की ज्या स्फटिकात वाढवायचा तोच फुटायचा. 1985 मध्ये रॉचेस्टरला जेरार्ड मुरू अन् त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी युक्ती काढली. झोत आधी ताणून लांब करायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा आवळून आखूड करायचा. 2018 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच मिळाला. आता हा आवळलेला झोत काही मायक्रॉनच्या ठिपक्यावर आणून पत्र्यावर सोडला की तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, प्लाझ्मा होतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड. प्रकाशाच्या धक्क्यानं तो थेट हलत नाही. हलतात ते इलेक्ट्रॉन, अन् तेही जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. पत्रा भेदून ते पाठीमागून बाहेर पडतात, पण मागं उरलेला धन भार त्यांना ओढून धरतो. मग पत्र्याच्या पाठीशी इलेक्ट्रॉनांचा एक थर घुटमळत राहतो. या थराच्या अन् पत्र्याच्या मध्ये जे विद्युतक्षेत्र उभं राहतं ते मीटरला एक लाख कोटी व्होल्टचं. नेहमीच्या प्रवेगकात मीटरला काही कोटींच्या पुढं जात नाही. जे काम करायला इमारत लागते ते इथं काही मायक्रॉनमध्ये होतं.

भाची : आणि त्या क्षेत्रात पळतं काय, तेही सांगून टाका.

मामाजी : (हसत) मळ! पत्रा ॲल्युमिनियमचा असो की सोन्याचा, पळतात ते हायड्रोजनचे प्रोटॉन. निर्वात पेटीत ठेवला तरी पत्र्याच्या पाठीवर ओलाव्याचा, पंपाच्या तेलाचा पापुद्रा असतोच. हायड्रोजन त्यातला. सगळ्यात हलका म्हणून सगळ्यात आधी निघतो.

या विषयातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. कोट्यवधींचं यंत्र उभारायचं आणि त्याचा दारूगोळा कुणी मुद्दाम न ठेवलेला मळ! पहिल्या मोठ्या प्रयोगांत प्रोटॉन असेच अनाहूत निघाले होते. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्यावरच काम झालं. भाचीला मात्र यात गंमत दिसत नव्हती.

भाची : मी रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी लिनॅकचा, म्हणजे शेकाच्या यंत्राचा, डोस मोजते. तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला की मशीन बंद, बाहेर कितीही पेशंट बसलेले असोत. कुणी इथूनच मोहगावहून, लोधीखेड्याहून पहाटे निघून आलेला असतो, त्याला परत पाठवताना काय वाटतं ते माझं मला माहीत. तरी बंद. आणि तुम्ही मला असं यंत्र दाखवता की ज्याचा मालमसाला पत्र्यावर आज किती ओलावा बसला यावर ठरतो.

मामाजी : तो पहिल्या दिवसांचा प्रकार. आता लोक मुद्दाम थर देतात, मुद्दाम रचना करतात. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काय केलं माहीत आहे? पत्र्यावर जिवाणू फासले.

भाची : जिवाणू?

मामाजी : ई. कोलाय. आपल्या आतड्यात राहतात तेच. एम. कृष्णमूर्ती अन् त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014 चा निबंध आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून बराचसा प्रकाश परत जातो. त्यावर मायक्रॉनभर आकाराचे कण पसरले की कणाच्या कडेशी विद्युतक्षेत्र तीव्र होतं, प्रकाश जास्त शोषला जातो, इलेक्ट्रॉन जास्त तापतात अन् आयन जास्त वेगानं निघतात. असे कण कारखान्यात घडवायचे तर खर्च. जिवाणू तर स्वतःच वाढतात, अन् सगळे साधारण एका मापाचे! लेसर मोठा करायचा नाही, पत्रा शहाणा करायचा.

भाची पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं." मामाजींनी ती संधी सोडली नाही.

मामाजी : त्याच प्रयोगशाळेनं 2013 मध्ये आणखी एक केलं. आयनांवर भार असतो, म्हणून कुठलंही विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्र त्यांना वाकवतं. यांनी आरगॉनच्या अणूंचे पुंजके घेतले, लेसरनं फोडले. जे आयन उडाले त्यांना वाटेत त्यांचे इलेक्ट्रॉन परत मिळतील अशी व्यवस्था केली. वेग तसाच, भार गायब. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातले उदासीन अणू! सरळ रेषेत जाणार, कुणाचं ऐकणार नाहीत. अन् ड्रेस्डेनच्या 150 एमईव्हीत आपला माणूस कुठं आहे, सांगू?

भाची : ड्रेस्डेनमध्ये?

मामाजी : त्या प्रयोगाच्या मुळाशी. ड्रेस्डेनवाल्यांनी प्लास्टिकचा अतिपातळ पडदा वापरला. मुख्य झोताच्या अगोदर थोडा प्रकाश गळतच असतो. एरवी तो पत्र्याचा नास करतो, म्हणून सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतात. यांनी तोच कामाला लावला. त्यानं पडदा आधी फुगवला. मग मुख्य झोत आला तेव्हा इलेक्ट्रॉन इतक्या वेगात होते की सापेक्षतेच्या नियमानं जड झाले, अन् जो प्लाझ्मा एरवी आरशासारखा प्रकाश परतवतो तो पारदर्शक झाला. झोत आत घुसला अन् एकामागून एक अशा धक्क्यांनी प्रोटॉन पुढं गेले. तीव्र प्रकाशाला दाट प्लाझ्मा असा वाट देऊ शकतो, हे प्रेधिमन कॉ अन् जॉन डॉसन यांनी 1970 मध्ये गणितानं मांडलं होतं. कॉ तेव्हा बावीस वर्षांचे. श्रीनगरचे, दिल्लीच्या आयआयटीत पीएचडी केलेले. पुढं गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यांनी उभी केली. कागदावरचं गणित प्रयोगात उतरायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. अन् तू पंचवीस वर्षांत दवाखाना मागते!

इथवर मामाजी जिंकत होते. बाहेर गोटमारीचा आरडाओरडा वाढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावरचा झेंडा. दोन्ही काठांवरून दगड चालतात. दरवर्षी डोकी फुटतात, माणसंही मेली आहेत, आणि बंदोबस्त असूनही प्रथा चालू आहे. भाचीने खिडकीकडे हात केला.

भाची : ऐका. त्या नदीत आत्ता जे चाललं आहे तोच तुमचा लेसरचा प्रोटॉनझोत. कुणाचा दगड झाडापर्यंत पोचतो, कुणाचा पाण्यात पडतो, कुणाचा पलीकडच्या माणसाला लागतो. सगळ्यात लांब कुणाचा गेला याला मला काय करायचं आहे? मला झेंड्याला लागणारा दगड हवा आणि मधल्या एकाही माणसाला ओरखडा नको. पत्र्यातून निघालेल्या प्रोटॉनांत कमी ऊर्जेचे ढीगभर असतात, ऊर्जा वाढत जाते तसे झपाट्याने विरळ होतात, आणि टोकाला तुमचे ते 150 वाले. प्रोटॉनचा उपयोग कशात आहे? तो वाटेत थोडी ऊर्जा सोडतो आणि थांबायच्या जागी एकदम बरीच सोडतो. ब्रॅग यांनी 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हे आल्फा कणांवर दाखवलं होतं. पण हे केव्हा? सगळे एका ऊर्जेचे असतील तेव्हा. सरमिसळ असेल तर प्रत्येक जण आपापल्या खोलीवर थांबणार आणि गाठीच्या अलीकडची चांगली पेशीही भाजणार.

मामाजी : चुंबक लावून निवडता येतात.

भाची : येतात. पण निवडले की उरतात थोडे. हिशेब करा, तुम्हीच शिकवलेला आहे. एक ग्रे म्हणजे किलोला एक ज्यूल. किलोभर ऊतीला दोन ग्रे द्यायचे तर दोन ज्यूल. 150 एमईव्हीच्या प्रोटॉनांनी द्यायचे तर शंभर अब्जांच्या आसपास प्रोटॉन लागले. तेही एका दिवसाच्या एका बैठकीला, आणि अशा पंचवीस-तीस बैठका. पेटावॉटचा चांगला लेसर सेकंदाला एखादा झोत देतो. दर झोताला पत्रा फुटतो, म्हणजे दर झोताला नवा पत्रा, मायक्रॉनच्या अचूकतेने त्याच जागी. शिवाय दर झोत आधीच्यासारखा निघेल याची हमी कोण देणार? अणुऊर्जा नियामक मंडळाचा माणूस तपासायला आला तर त्याला काय सांगू, सरासरी बरी आहे म्हणून?

मामाजी : ड्रेस्डेनमध्येच 2022 मध्ये उंदरांच्या गाठींवर लेसरचे प्रोटॉन वापरून दाखवले. डोस मोजून दिला. नेहमीच्या प्रोटॉनांशी तुलना केली. गाठीची वाढ मंदावली.

भाची : वाचलं आहे, आणि काम सुंदर आहे. गाठी उंदराच्या कानावर होत्या. कानाची जाडी किती असते?

मामाजी यावर काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरी वाट धरली.

मामाजी : बरं, प्रोटॉन उपचाराचाच इतिहास घे. रॉबर्ट विल्सन यांनी कल्पना मांडली 1946 मध्ये. बर्कलेला पहिला पेशंट 1954 मध्ये. अन् रुग्णालयातच बसवलेलं पहिलं प्रोटॉन यंत्र, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाचं, ते 1990 मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! भारतात तर चेन्नईला 2019 मध्ये आलं अन् टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात 2023 मध्ये. मग लेसरलाच घाई काहून?

भाची : कारण विल्सन यांच्याकडे प्रोटॉन होते, मामाजी. बर्कलेला सायक्लोट्रॉन उभा होता, हवी ती ऊर्जा देत होता. कमी होती ती शरीराच्या आत पाहण्याची. सीटी स्कॅन 1970 च्या दशकात आला, संगणक आले, मग नेम धरता आला. त्यांची बंदूक तयार होती, डोळे यायचे होते. तुमची बंदूकच अजून तयार नाही. दोन्ही गोष्टींना चव्वेचाळीस वर्षांची एकच पट्टी कशी लावता?

वादातला हा घाव मला सगळ्यात नेमका वाटला. विज्ञानाला वेळ लागतो हे खरं. पण कशाला वेळ लागतो आहे हे न पाहता नुसती वर्षं मोजली की कुठल्याही रखडलेल्या गोष्टीचं समर्थन करता येतं. मामाजींनीही तो मुद्दा मनातल्या मनात मान्य केला असावा, कारण ते आता यंत्राच्या आकाराकडे वळले.

मामाजी : खारघरचा सायक्लोट्रॉन दोनशे टनांहून जड. वर पेशंटभोवती झोत फिरवणारी ती अजस्र चौकट. प्रोटॉन वळवायचे म्हणजे जड चुंबक आले. लेसरमध्ये प्रकाश आरशांनी पेशंटपर्यंत न्यायचा अन् प्रोटॉन तिथंच, शेवटच्या हातभर अंतरात बनवायचे. चौकटीचं वजन कितीतरी उतरेल. नागपुरात एक बसला तर आपल्या माणसाला खारघरला राहायला जावं लागणार नाही.

भाची : आणि भिंती? प्रोटॉन जिथे थांबतो तिथे न्यूट्रॉन निघतात. न्यूट्रॉनला प्रोटॉन कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही, सायक्लोट्रॉनमधून असो की पत्र्यातून. काँक्रीट तेवढंच जाड लागणार. लेसर तर स्वतःच एक दालन व्यापतो, धूळ नाही, तापमान हलता कामा नये, रात्रंदिवस माणसं लागतात. टेबलावर मावणारा प्रवेगक म्हणतात तेव्हा टेबलावर काय मावतं? पत्रा मावतो.

मामाजींनी मग फ्लॅशचा मुद्दा काढला : सेकंदाला 40 ग्रेपेक्षा जास्त गतीने डोस दिला तर चांगल्या पेशींना इजा कमी होते असं प्राण्यांवर दिसलं आहे, आणि लेसरचा झोत तर क्षणाच्या अब्जांश भागातला. भाचीने एका वाक्यात उत्तर दिलं. अमेरिकेत सिनसिनाटीला हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या 10 पेशंटांवर फ्लॅशची चाचणी झाली ती नेहमीच्याच प्रोटॉन यंत्रावर. त्यासाठी लेसर लागला नाही. तो विषय तिथेच संपला.

पुढचं बोलणं मात्र रेंगाळलं, आणि ते रेंगाळावं असंच होतं.

भाची : माझ्याकडे या पट्ट्यातून जे पेशंट येतात त्यांत तोंडाचे कॅन्सर किती असतात, येऊन पाहा. तंबाखू-सुपारीचा खर्रा. बावीस-पंचवीसची पोरं, गालात गोळी धरून. तोंड दोन बोटं उघडत नाही तेव्हा येतात. त्यांना प्रोटॉन नको आहेत. त्यांना वेळेवर शस्त्रक्रिया हवी, मग साधं लिनॅक किंवा कोबाल्ट, आणि शेकाची रांग लहान हवी. मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेने देशी लिनॅक बनवलं, ते सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसलं. भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टचं भाभाट्रॉन बनवलं. ही यंत्रं जुनी, साधी, कंटाळवाणी आहेत. यांच्यावर कुणाला नोबेल मिळणार नाही. पण पांढुर्ण्याच्या माणसाचा जीव यांनी वाचतो.

मामाजी : मी कुठं नाही म्हणतो? पण तुझं लिनॅक आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन, क्लायस्ट्रॉन घडवले त्यांच्यातून. 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पहिल्या पेशंटवर वापरलं. रडारवाल्यांच्या डोक्यात कॅन्सर होता काय? त्यांना आधीच विचारलं असतं, 'तुमच्या नळीनं किती पेशंट बरे होतील?' तर तुझं लिनॅक आलंच नसतं.

भाची : तेच तर मी म्हणते! त्यांनी कॅन्सरचं नाव घेतलंच नव्हतं. त्यांनी रडार बनवतो म्हटलं आणि रडार बनवलं. तुमच्या विषयात उलटं आहे. कुठलाही शोधनिबंध उघडा, पहिल्या परिच्छेदात कॅन्सर उपचार. आत जावं तर प्लाझ्माचं सुंदर भौतिकशास्त्र, पण दारावर पाटी दवाखान्याची. माझा पेशंट ती पाटी वाचतो, मामाजी. बातमी कापून आणतो आणि विचारतो, "मॅडम, हे केव्हा येणार? तोवर शेक थांबवू काय?" त्याला थांबायला वेळ नसतो.

मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं त्यात कॅन्सर नव्हता.

मामाजी : मग पाटी बदलू. हा झोत पत्र्यातून निघतो तेव्हा सेकंदाच्या लाखकोटाव्या भागाएवढा आखूड असतो. एवढ्या आखूड झोतानं प्लाझ्माची छायाचित्रं घेता येतात, आतलं विद्युत अन् चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला कसं बदलतं ते प्रोटॉनांच्या वाकण्यावरून उमजतं. हे आज होऊन राहिलं, उद्याचं नाही. लेसरनं केंद्रकीय संमीलन घडवणाऱ्यांना हेच लागतं. प्रोटॉनांच्या झोतानं इंधनाची ठिणगी पाडावी, ही कल्पना 2001 मध्येच मांडली गेली. अन् समजा यातलं काहीच झालं नाही, तरी ताऱ्याच्या पोटातल्यासारखा पदार्थ इंदूरच्या अन् कुलाब्याच्या खोलीत क्षणभर तयार होतो, ते काय कमी आहे?

भाची : माझ्यासाठी पुरे आहे. असं सांगून पैसा मागितला तर माझा कर आनंदाने घ्या.

मामाजी : असं सांगून कुणी देत नाही, बाप्पा. म्हणून तर पाटी लावावी लागते.

वाद इथे थांबला. मिटला असं मी म्हणणार नाही. माझं मत विचाराल तर उपचाराच्या प्रश्नावर भाची बरोबर आहे, पूर्णपणे. आजवर जगात कुठेही लेसरने पळवलेल्या प्रोटॉनांनी माणसाच्या कॅन्सरवर उपचार झालेला नाही. सर्वोच्च ऊर्जेचा आकडा गाठला तरी एकसारखी ऊर्जा, पुरेशी संख्या आणि दर झोताला तोच डोस, या तिन्ही गोष्टी एकत्र यायच्या आहेत. त्या येईपर्यंत 'कॅन्सरवर लेसर प्रवेगक' असा मथळा देणाऱ्या संपादकाने त्याखाली 'उंदराच्या कानावर' एवढे शब्द तरी छापावेत.

पण मामाजींच्या शेवटच्या वाक्याचा दोष प्रयोगशाळांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. रोगाचं नाव घेतल्याशिवाय आपण भौतिकशास्त्राला पैसा देत नाही, म्हणून भौतिकशास्त्र रोगाचं नाव घेतं. राजा रामन्ना केंद्राची पायाभरणी 1984 सालची आहे. एक पेटावॉटचा लेसर तिथे आणला गेला तो प्लाझ्मा समजून घ्यायला, आणि तेवढं कारण देशाला पुरायला हवं. कॅन्सरचा पैसा वेगळा ठेवावा, आणि तो लिनॅक, कोबाल्ट, तपासणी शिबिरं आणि ती यंत्रं चालवणाऱ्या माणसांच्या पगारावर जावा.

सौंसर-पांढुर्ण्याच्या बी.एस्सी.च्या ज्या मुलामुलींना यातला पत्र्याचा आणि मळाचा भाग आवडला असेल, त्यांनी इंदूर आणि कुलाबा ही दोन ठिकाणं ध्यानात ठेवावीत. दोन्हीकडे पीएचडीसाठी विद्यार्थी घेतात. आणि खर्रा खाणाऱ्या कुणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर त्याने कुठल्याही नव्या यंत्राची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरला तोंड दाखवावं.